मोइलानेनांचं झाड

“बघा बाई, एक ओरखडा उठू दिला नाही खालच्या कोरीवकामावर!” योर्मा झाडं तोडायच्या हार्वेस्टर यंत्राच्या केबिनमधून वरूनच ओरडला. त्याच्या हातात राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा होता आणि दुसरा तोंडात. मोठं नाजूक काम निभावून नेल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

एस्तेरी मुलारी मांडीभर बर्फात उभी राहून वर बघत होती. वर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोनशे वर्षांचा पाइन चार मीटरांवर सपाट कापलेला होता. खालचा बुंधा तेवढा उभा. त्याच्यावर मोइलानेन घराण्यातल्या मेलेल्या माणसांचे क्रूस, नावांची आद्याक्षरं, मृत्यूची वर्षं. वरचं सगळं झाड हिरव्या फांद्यांसकट पलीकडे बर्फात आडवं पडलं होतं.

“योर्मा, हे असं कापायला कुणी सांगितलं तुला?”

“मशीनच्या पडद्यावर आलं होतं ना. ‘सांस्कृतिक ठेवा, उंच खुंट करा.’ केला. नकाशा तर तुम्हीच पाठवलेला.”

“मी लिहिलं होतं, जिवंत झाड, हात लावू नये.”

“ते नव्हतं आलं, बाई.” योर्माचा घास तोंडातच थांबला. “म्हणजे... चुकलं का काही?”

बिचाऱ्यावर चिडून काय उपयोग? तो सांगितल्या कामाचा माणूस. तोडीत चार झाडं माणसाच्या दुप्पट उंचीवर कापून मेलेली ठेवायची, म्हणजे किड्यांना आणि सुतारपक्ष्यांना वाळकं लाकूड मिळतं, हा त्यांच्या लाकूड कंपनीचा नियम. काइनू भागातल्या या जंगलात जागोजागी पाइनच्या लाकडातून डांबर काढायच्या जुन्या भट्ट्यांचे खड्डे आहेत. त्यांच्या कडेलाही असेच खुंट ठेवतात, म्हणजे बर्फात यंत्र खड्ड्यात जात नाही. नियम चांगलेच आहेत. चांगल्या नियमांची माती कशी करायची, हे मात्र कार्यालयात बसलेल्या माणसांकडूनच शिकावं.

हे झाड म्हणजे कार्सिक्को. या भागात पूर्वी मयत घसरगाडीवर घालून चर्चकडे नेत, तेव्हा अर्ध्या वाटेवर एका जिवंत पाइनपाशी थांबत. दोन फांद्या छाटायच्या, खोडावर क्रूस आणि नाव कोरायचं, दारूचा एकेक घोट घ्यायचा आणि पुढे निघायचं. मेलेल्या माणसाला घराची आठवण येते, तो परत यायला निघतो. वाटेत या झाडावर स्वतःची खूण दिसली की आपण मेलो आहोत हे त्याला कळतं आणि तो मुकाट माघारी वळतो. पण झाड जिवंत हवं. वाळक्या लाकडाला कुणी जुमानत नाही. मोइलानेनांनी पाच पिढ्या या एका झाडावर आपली माणसं कोरली होती. शेवटची खूण साइमाची, सहा वर्षांपूर्वीची. ती तिच्या नवऱ्याने, ओइवाने, ऐंशीव्या वर्षी शिडीवर चढून कोरली होती.

आणि याच ओइवाला एस्तेरीने शब्द दिला होता. गेल्या शरदात तो आपल्या जंगलाच्या तोडीला तयार झाला तो एका अटीवर, झाडाला हात लागता कामा नये. एस्तेरीने त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याच्या हातात हात दिला होता. “मी आहे ना काका,” असंही वर म्हणाली होती. ते ‘मी आहे ना’ आता तिला घशात हाडूक अडकावं तसं टोचायला लागलं.

तिने निक्लासला फोन केला. निक्लास म्हणजे तिचा साहेब. वय एकतीस, म्हणजे एस्तेरीची नोकरी जेवढ्या वर्षांची, तेवढाच साहेब. तासाभरात तो आला, खुंटाभोवती एक चक्कर मारली आणि मोबाइलवर तीन फोटो काढले.

“मुलारीताई, नकाशाच्या यादीत ‘जिवंत झाड’ असा पर्यायच नाहीये. खड्डा आहे, दगडी बांधकाम आहे, भट्टी आहे. काहीतरी निवडल्याशिवाय नकाशा पुढे सरकत नाही. मी भट्टी निवडली. भट्टी म्हटली की उंच खुंटाची सूचना आपोआप जाते.”

“म्हणजे मोइलानेनांच्या पितरांची तू डांबराची भट्टी केलीस.”

“असं काय बोलताय!”

“मग कसं बोलू? तूच सांग. यादीत काय पर्याय आहेत?”

निक्लास हसला. त्याला ती चेष्टा वाटली. “आणि खरं सांगू का, एका अर्थी बरंच झालं. एवढं उंच एकटं झाड उघड्यावर किती टिकलं असतं? वाऱ्याने पडलंच असतं. खुंट कसा, तीस वर्षं हलणार नाही. शेजारी एक छानशी पाटी लावू. निसर्गही जपला, संस्कृतीही जपली. गुरुवारी जर्मनीचे खरेदीदार येतायत, त्यांना इथेच आणू.”

एस्तेरीला शिसारी आली. तिने तोंड फिरवलं, तर समोर तोडीचं मैदान. तीस हेक्टर, क्षितिजापर्यंत. मधूनमधून तिनेच फिती बांधून राखलेली झाडं दहा-दहाच्या घोळक्यात उभी होती, लग्न आटोपल्यावर मांडवात रेंगाळणाऱ्या पाहुण्यांसारखी.

खरं तर किळस येण्यासारखं आज नवीन असं काय होतं? एकतीस वर्षं ती हेच करत आली होती. तोडीआधी जंगलात फिरायचं, राखायच्या झाडांना फीत बांधायची, तोडीनंतर पुन्हा जाऊन पाहणीचा कागद भरायचा. एकदा तिला एका अ‍ॅस्पेनच्या झाडाच्या बुडाशी उडत्या खारीच्या पिवळ्या लेंड्या सापडल्या. वर ढोलीत घर होतं. तिने हरखून फीत बांधली. कंपनीने ते झाड राखलं आणि सभोवतालचं सगळं जंगल साफ केलं. आता खारीने उडायचं कुठून कुठे? कागदावर लिहिलं गेलं, ‘खारीचं झाड सुरक्षित.’ पुढच्या वर्षी वाऱ्याने ते झाड पडलं. कागदावर ते अजून उभं आहे. लिहिणारी एस्तेरीच होती आणि खाली शेरा होता ‘उत्तम’. निक्लासची किळस येत होती हे खरं, पण त्याच्याआधी तिचा स्वतःचाच नंबर होता.

“एवढं कशाला मनाला लावून घेता?” निक्लास गाडीकडे जाता जाता म्हणाला. “म्हाताऱ्याला मी फळांची करंडी पाठवतो. आणि पाहणीचा कागद उद्यापर्यंत भरा हं. पाहुण्यांना दाखवायचाय.”

“करंडी पाठवू नकोस,” एस्तेरी म्हणाली. “मी जाते.”

ओइवा मोइलानेन खिडकीशीच बसला होता. दोन दिवस यंत्राचा आवाज ऐकत तिथेच बसून असावा. तिने बूट काढले, आत आली, तर त्याने न विचारता कॉफी ओतली आणि तीत इथल्या रीतीप्रमाणे भाजलेल्या चीजचे तुकडे टाकले. या घरात बाईमाणसाला आधी खाऊ घालायचं आणि मग बोलायचं, अशी साइमाची शिस्त होती.

“काका, झाड कापलं.”

म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला. “पडलं?”

“चार मीटरांवर कापलं. बुंधा आहे. क्रूस सगळे आहेत. पण झाड मेलं.”

“कुणी?”

एस्तेरीने सांगितलं. यादी, भट्टी, खुंट, सगळं. सांगताना ते इतकं हास्यास्पद वाटत होतं की मधेच तिला वाटलं, हा माणूस आता हसेल तरी किंवा कानाखाली वाजवेल तरी. त्याने दोन्हीपैकी काही केलं नाही.

“भट्टी,” तो म्हणाला. “आजा आमचा डांबरवालाच होता म्हणा. त्याला चालेल. साइमाला नाही आवडायचं. तिला डांबराचा वास सोसत नसे.”

“काका, मी शब्द दिला होता.”

“दिला होतास.”

“मला शिव्या द्या.”

“देऊन काय होणार, पोरी? झाडाला शेंडा फुटेल?” त्याने तिची रिकामी कपबशी पुन्हा भरली. “तू तो कागद भरतेस ना, नंतरचा? साइमाचा भाऊ सांगायचा, मुलारीबाई सगळ्यांना ‘उत्तम’ देते म्हणून. हसायचा तो.”

एस्तेरीचा चेहरा तापला.

“या खेपेला खरं लिही,” ओइवा म्हणाला. “बाकी काही नको मला. करंडी-बिरंडी तर मुळीच नको.”

“तुम्हाला कसं कळलं करंडीचं?”

“अगं, गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या विहिरीवरून यंत्र नेलं, तेव्हा त्याला आली होती. केळी काळी पडली होती त्यातली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कार्यालयात संगणकावर पाहणीचा कागद भरला. ‘सांस्कृतिक ठेवा जपला का?’ या प्रश्नापुढे तिने ‘नाही’ लिहिलं. शेऱ्याच्या जागेत लिहिलं: ‘जिवंत कार्सिक्को कंपनीने मारला. झाड राखण्याचा शब्द मी मालकाला दिला होता. तो पाळला गेला नाही. एस्तेरी मुलारी.’ लिहून झाल्यावर खालच्या चौकोनात ‘वाईट’ निवडलं. एकतीस वर्षांत तो चौकोन तिने पहिल्यांदा वापरला. त्याला हात लावला तर काही स्फोटबिट होईल अशी जणू आजवर तिची समजूत होती. काही झालं नाही.

दहाच मिनिटांनी निक्लास तिच्या टेबलाशी आला.

“हे असं नाही पाठवता येणार. ‘वाईट’ आलं की वरून चौकशी लागते. आणि उद्या पाहुणे आहेत.”

“लागू दे की चौकशी.”

“मुलारीताई, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमचे. कशाला हा विकतचा वाद? खुंट तर आहे ना उभा? म्हणजे जपलाच की ठेवा. ‘उत्तम’ नको, ‘चांगला’ करू. मी करतो.”

“कर. पण खाली माझं नाव नको.”

“नाव आपोआप येतं. पाहणी तुम्ही केलीय.”

“मग पाहणी तू कर. बर्फ मांडीभर आहे, बूट उंच घाल.” एस्तेरी उठली. टेबलाच्या खणात फितींची सहा रिळं होती, लाल-पांढरी. ती तिने काढून त्याच्यासमोर ठेवली. “हीही घे. पितरांना बांध, खारींना बांध, हवं त्याला बांध. मला ओकारी येते आता हे हातात धरलं की.”

एस्तेरी कोट घालून बाहेर पडली.

गुरुवारी पाहुणे आले. कंपनीच्या संकेतस्थळावर फोटो लागला: खुंट, नवी कोरी पाटी, आणि भोवती पिवळ्या शिरस्त्राणातली सात हसरी माणसं. खाली ओळ होती, ‘इथे पूर्वजांचा मान राखला जातो.’ पाहणीचा शेरा ‘चांगला’ नव्हे, थेट ‘उत्तम’ झाला होता आणि खाली नाव एस्तेरी मुलारी. तिने फोटो एकदा पाहिला, फोन उलटा ठेवला आणि उगाचच हात साबणाने धुतले.

शनिवारी ती ओइवाकडे गेली. दार वाजवलं, आत कुणी नव्हतं. घराच्या मागून खरखर आवाज येत होता. वळसा घालून गेली, तर म्हातारा फावड्याने बर्फ काढत होता. मागच्या पायऱ्यांपासून त्याने वाट काढायला घेतली होती, सरळ जंगलाच्या दिशेने, म्हणजे आता जिथे जंगल नव्हतं त्या दिशेने. वीसेक पावलं झाली होती. पुढे कमरेएवढा बर्फ अजून तसाच होता, आणि त्याच्यापलीकडे दूर तो खुंट.

“काका! या वयात काय चालवलंय हे?”

ओइवाने फावड्यावर रेलून दम घेतला. टोपीखालून वाफा निघत होत्या. “लिहिलंस का?”

“लिहिलं. त्यांनी बदललं.”

“तू लिहिलंस ना.” त्याने मान हलवली. तेवढ्यावर तो विषय संपला.

“पण ही वाट कशाला? रस्ता तर पुढच्या अंगाला आहे.”

“तो जिवंत माणसांना,” ओइवा म्हणाला. “आता गेलेल्यांना अडवणारं काही राहिलं नाही ना तिथे. येतील एकेक जण. बाबांचं काही नाही, ते कमरेएवढ्या बर्फातूनही शिव्या देत येतील. साइमाचे गुडघे कसे होते तुला ठाऊक आहे. ती कशी यायची यातून?”

एस्तेरीला काहीतरी बोलायचं होतं. माफ करा म्हणायचं होतं. पण तो शब्द तिने आजवर भरलेल्या कागदांसारखाच पोकळ निघाला असता.

“पायऱ्यांवर वाळू टाकलीत का?” तिने विचारलं. “निसरड्या आहेत.”

“टाकायचीय.”

लाकडाच्या खोपीला टेकून आणखी एक फावडं उभं होतं. एस्तेरीने ते उचललं, बर्फ तुडवत पार खुंटापर्यंत गेली आणि त्या टोकाकडून घराच्या दिशेने वाट काढायला लागली. ओइवाची वाट एका माणसापुरती होती. तिने आपली थोडी रुंद ठेवली, गुडघे दुखणाऱ्या बाईला कुणी हात धरून आणायचं म्हटलं तर दोघांना पुरेल एवढी.