चौदावा भाग

बुधवार, १७ जानेवारी २०२४, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. गोंडपिपरीजवळच्या एका प्रशिक्षण संस्थेत, टेबलावर भंगारातल्या मोटारींचे चौदा भाग मांडलेले होते.

समोर उमाजी उभा होता. गेली सत्तावीस वर्षे तो अपघाती गाड्यांचे पत्रे सरळ करीत आला होता. दहा भागांची नावे बरोबर सांगितली तर प्रमाणपत्र, आणि त्यावर याच संस्थेत निदेशकाची, म्हणजे काम शिकवणाऱ्याची, जागा. ही त्याची तिसरी आणि नियमाने शेवटची संधी होती. मी, निवृत्त निदेशक, दुसरा परीक्षक होतो.

नावे पाठ व्हावीत म्हणून त्याची पत्नी गिरजा हिने ती स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवली होती. मीठ हवे असले की ती म्हणे, "एअर डॅम द्या जी." आता ती दाराशी बसून ऐकत होती.

तेराव्या भागापर्यंत नऊ उत्तरे बरोबर आली. चौदावी वस्तू म्हणजे चार छिद्रांची, वीतभर रुंद रबरी पट्टी. उमाजीने ती उलटसुलट करून नखाने माती खरवडली.

"डिफ्लेक्टर. चाकाच्या पुढं बसते, हवा चाकावर आदळू देत नाई."

मुख्य परीक्षक अश्वजित याने यादी पाहिली. तीत मडफ्लॅप लिहिले होते. त्याने उत्तर चुकल्याची खूण केली.

"डिफ्लेक्टर आमच्या तुरीच्या डब्यावर हाये, सर," दारातून गिरजा म्हणाली.

"तू गप ना वो." उमाजीने पट्टी पुढे धरली. "सर, मडफ्लॅप चाकाच्या मागं राह्यते, त्याले चिखल पुढून लागते. हे दुमडलेली कड पुढची. इथी गवताच्या काड्या हायेत, अन् चिखल मागून."

यादी छापील आहे, असे अश्वजितने सांगितले.

"यादी गाडीखाली गेली होती काय, सर?"

पट्टी ज्या गाडीची होती त्याच बनावटीची एक गाडी आवारात उभी होती. तिच्यावर पट्टी लावून पाहू, असे मी सुचवले. चाकामागे एकही छिद्र जुळले नाही. चाकापुढे चारही स्क्रू बोटांनी फिरवताच बसले.

अश्वजितने आधी आपली खूण खोडली, मग छापील यादी दुरुस्त केली आणि दोन्ही ठिकाणी सही केली.

दुपारी ती दोघे कडुनिंबाखाली डबा खात होती.

"मीठ द्या जी," गिरजा म्हणाली.

निकाल : १४ पैकी १०.