कोरड्या लंगोटांचा गठ्ठा

मूल झाल्यापासून माझं जागं असणं आणि झोपणं यांत फारसा फरक उरला नव्हता. साहेब रडले की मी डोळे मिटूनच त्यांना छातीशी धरायची. साहेब म्हणजे आमचं बाळ. हुकूमच तसे सोडायचं. त्या गुंगीत कधी वाटायचं, खोलीतून कुणीतरी पांढरं काहीतरी घेऊन दबक्या पावलांनी चाललंय. कधी बाळ हवेत उचललं जायचं आणि अलगद परत माझ्या कुशीत यायचं. स्वप्नंच ती, असं समजून मी कूस बदलायची.

धडकी भरायची ती सकाळी. रात्रभर पाजूनही बादलीत ओले लंगोट जेमतेम दोन-तीन, साहेबांच्या अंगावरचाही कोरडा. आणि कपाटात लंगोटांचा गठ्ठा घडीला घडी, जसाच्या तसा. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चला, धुणं वाचलं. मला मात्र घाम फुटायचा, कारण वजन करणाऱ्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "वजन जरा सावकाश वाढतंय. लंगोट भरपूर ओले होत असतील तर दूध पुरतंय. नसतील, तर सोमवारी वरचं दूध सुरू करू."

वरच्या दुधात वाईट काही नाही, कळत होतं मला. पण मला माझंच पाजायचं होतं. हट्ट म्हणा हवं तर.

नवऱ्याला यातलं काही बोलले नव्हते. तो हॉटेलच्या लाँड्रीत, दिवसभर चादरींशी झुंजून यायचा आणि उशीला डोकं टेकलं की ढाराढूर. या कुंभकर्णाला सांगून काय उपयोग? मी आपली तांब्यावर तांब्या पाणी प्यायची आणि लंगोट चाचपत बसायची.

रविवारी रात्री जाग आली, तर शेजारी नवरा नाही. दार उघडं, जिन्यातून गार वारा येत होता. साहेबांना खांद्यावर टाकलं आणि एकेक पायरी चढत गच्चीवर गेले. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच.

वर लख्ख चांदणं, आणि दोरीवर लंगोटच लंगोट. सगळे मिळून वाऱ्यावर वर जायचे, हळूच खाली यायचे. मी झोपेतच आहे असं वाटलं, इतकं ते सुंदर होतं. तेवढ्यात त्यांच्यामधून नवरा बाहेर आला. दातांत कपड्यांचा चिमटा.

"तू इथं काय करतोयस?"

"वाळत घालतोय," तो दातांतला चिमटा काढून म्हणाला. "रोजचंच आहे. तुझं पाजून झालं की साहेब लंगोट ओला करतात. मी बदलतो आणि लगेच धुतो. ओलं कापड पडून राहिलं की डाग बसतो गं. लाँड्रीत असं ठेवलं तर मुकादम फाडून खाईल."

"रोज? आणि कपाटातला गठ्ठा?"

"कामावर जाताना लावून जातो. म्हटलं, तुला तेवढीच झोप."

"अरे गाढवा!" माझा आवाज चढला. "दूध आटलं म्हणून मी इथं जिवाला घोर लावून बसलेय आणि तू पुरावा धुऊन वाळत घालतोस?"

नर्सबाईंचं सगळं सांगितलं आणि मला रडूच फुटलं.

"अगं, विचारायचंस तरी," तो म्हणाला. "मला त्याला पाजता येत नाही. मग जे येतं ते करतो."

मला त्याचा राग आला होता आणि तितकीच माया वाटत होती.

साहेब कुरकुरले. नवऱ्याने सवयीने बोट घालून बघितलं. "ओला." सोडला, आणि मग लक्षात आलं की कोरडे सगळे खाली. तो आणायला पळाला. मी जिन्याच्या पायरीवर बसले, बाळाला तसंच उघडं मांडीवर घेतलं आणि पाजायला लागले. घटाघट आवाज येत होता.

नवरा धापा टाकत परत आला तेव्हा माझ्या मांडीवरून ऊन ऊन ओघळ खाली चालला होता.

"अरे देवा! सगळी भिजलीस की. दे, दे त्याला इकडे."

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "भिजू दे."