एसी बंद करा, ताई ऐकतेय

आखातातल्या अल ऐनमध्ये भर जुलैत एसी बंद करायला सांगणारं माणूस एक तर वेडं असतं, नाहीतर समिधाची रिद्धीताई असतं.

"सगळे एसी बंद! फ्रीजसुद्धा!" ताईने फर्मान काढलं.

"अगं, आत मासे आहेत," आई कळवळली.

"पाचच मिनिटं गं!"

ताई फार्मसीची चार वर्षांची डिग्री तीन वर्षांत करत होती. ना सुट्टी, ना सण. बिल्डिंगमधली झाडून सगळी मराठी मंडळी गावी गेलेली, आणि ही शनिवारच्या प्रॅक्टिकलला टरकून घरात. तेल आणि पाणी एकजीव करायचं, बस्स एवढंच! पण दोनदा तिचं मिश्रण फुटलं होतं. तिसऱ्यांदा फुटलं की खलास, रवानगी थेट चार वर्षांच्या वर्गात.

"पण त्याचा एसीशी काय संबंध?" बाबांनी कपाळ पुसत विचारलं.

"तेल, पाणी, डिंक नीट जमले की खलात चट्चट् आवाज येतो, बाबा. तो आल्याशिवाय पुढचं पाणी घालायचं नाही. लॅबमधल्या एसीच्या घरघरीत मला तो ऐकूच येत नाही!"

घर चिडीचूप झालं. खल टेबलावरून सरकू नये म्हणून समिधाने तो दोन्ही हातांनी धरला. ताईने पहिलं पाणी एकदम ओतलं आणि बत्ता गरागरा फिरवायला लागली.

चट्. मग चट्चट्चट्! दोन घरं पलीकडे कुणी मोहरी तडतडवावी तसा. आणि पिवळं तेल बघता बघता दुधासारखं पांढरं झालं!

"ओ माय गॉड," समिधा पुटपुटली. मग तिच्यातला आगाऊपणा जागा झाला. "पण ताई, परीक्षेत तुझ्या जहांआरा मॅडम एसी बंद करतील?"

ताईचा चेहरा उतरला.

"अगं, पण खल धरलेल्या माझ्या बोटांनाही तो आवाज कळला! खरंच, शप्पथ!" समिधा म्हणाली.

मग एसी लावून, डोळे मिटून, खलावर डावा हात ठेवून ताईने सात वेळा तेच केलं.

शनिवारी समिधा लॅबच्या दाराच्या काचेला नाक लावून उभी होती. आत ताईचा बत्ता फिरत होता. शेजारची मुलगी पुढचं पाणी घालूनही मोकळी झाली, तरी ताईचे डोळे मिटलेलेच! मॅडम येऊन समोर उभ्या राहिल्या.

आणि ताई हसली. डोळे न उघडता.

तासाभराने मॅडमनी बाटली उजेडात धरली, तिरकी केली, उलटी केली. तेलाचा एक थेंब वर आला नव्हता. आपल्या ताईच्या हातांना कान आहेत, बाप रे! समिधा ताईच्या बोटांकडे बघतच राहिली.

सोबत आलेल्या बाबांच्या मोबाइलवरून तिने घरी फोन लावला. "आई, जमलं!"

पलीकडे आईने मोठा सुस्कारा सोडला.

"मग सकाळपासून बंद ठेवलेला एसी लावू का गं आता?"