शिशाचं सील

जावयाने सासरी यावं, पोटभर जेवावं, पान खावं, विजारीची घडी सांभाळत जिना उतरून निघून जावं. सुंदराबाईचं त्याला काही म्हणणं नव्हतं. रामदास हे सगळं नेमाने करी. सुरमईचा मधला तुकडा आपल्याच पानात पडायला हवा, हेही तो न बोलता नुसत्या डोळ्यांनी सांगे, आणि लेकीकडे बघून तिने तेही चालवून घेतलं होतं. पण सासूच्या गाडीचा शब्द सासूला न विचारता परस्पर देऊन टाकायचा, आणि वर घरी येऊन "मामी, आनंदाची बातमी आहे," म्हणून पाटावर ऐसपैस बसायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

"कसली बातमी?" तिने विचारलं. आमटीचा डाव हातात तसाच.

"गाडीची गॅरंटी वाढवून घेतली. तीन महिन्यांची होती ती तीन वर्षांची केली. तात्यांना म्हटलं, समजा पैसे आलेच. दसऱ्याच्या मुहूर्तावर देऊन टाकू."

"कोणाचे पैसे?"

"तुमचेच," रामदास म्हणाला. त्याला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "गाडी तुमची आहे ना."

गाडी तिची होती, यात वाद नव्हता. लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत तिने गिरणीवाल्यांची खानावळ चालवली होती. नवरा कोंडीराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करता करता खोकून खोकून गेला, तेव्हाही दुसऱ्या आठवड्यात तिची चूल पेटलेली होती. मुलगा लवू गिरणीच्या दारात बदलीवर उभा राहून राहून कंटाळला, मोटार शिकला, टॅक्सीचा बिल्ला काढून आला. मग तिने हातातल्या दोन पाटल्यांपैकी एक मोडली आणि भोईवाड्याच्या तात्या गॅरेजवाल्याकडून ही जुनी विलायती गाडी घेतली. काळीपिवळी. आता दुसरी पाटली उरली होती, आणि तात्याला जे पैसे द्यायचे म्हणून रामदास शब्द टाकून आला होता, ते त्या पाटलीतूनच निघणार होते. ती पाटली लवूच्या लग्नासाठी राखलेली होती. हे रामदासला ठाऊक नव्हतं असं नाही.

"काय काय मोडलं तर तात्या फुकट करून देणार?" तिने विचारलं.

"सगळं. टायर सोडून. बॅटरी सोडून. काचा सोडून."

"आणि दगड लागला तर?"

"दगड कशाला लागेल?"

"तुमच्याच मोर्चातला लागेल. यंदा ह्या रस्त्यावर काय कमी पडले?"

"दंगलीबिंगलीतलं कोणीच भरून देत नाही, मामी. तो नियमच असतो."

"म्हणजे जे मोडतं ते सोडून बाकीचं सगळं," सुंदराबाई म्हणाली आणि डाव आमटीत घातला.

रामदास हसला. फोर्टातल्या एका बोटकंपनीत तो कारकून होता, गिरगावात राहायचा, आणि अडाणी बाईमाणसाशी कसं हसून बोलावं हे त्याला साहेबांकडून शिकायला मिळालं होतं. संध्याकाळी हाच माणूस चौपाटीवर सभेला जाई आणि मुंबई आमची म्हणून घसा बसेपर्यंत ओरडे. दुसऱ्या दिवशी त्याच बसलेल्या घशाने साहेबाला गुडमॉर्निंग करी. सुंदराबाईला सभेचं वावडं नव्हतं. तिच्या खानावळीतली निम्मी माणसं सभेला जात आणि ती त्यांची ताटं झाकून ठेवी. पण रामदासचं ओरडणं तिला कधी खरं वाटलं नाही.

खरा प्रकार तिला खाली रस्त्यावर उतरल्यावर समजला. लवू गाडीपाशी उभा होता, हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. बॉनेटच्या कडीतून एक तार ओवलेली होती, आणि तारेला शिशाचा टिकला ठोकलेला. वाण्याच्या वजनांवर सरकारी माणूस ठसा मारून जातो, तसा त्याच्यावर तात्याचा ठसा.

"ह्या काय?" तिने विचारलं. लेकाशी बोलताना तिची घरची भाषा आपसूक बाहेर येई.

"सील," लवू म्हणाला. "भावजी घेऊन गेले होते गाडी सकाळी. बॉनेट उघडायचं नाही, म्हणाले. सील तुटलं की गॅरंटी गेली."

"अरे, पण पाणी?"

"पाण्याचं बूच बाहेर आहे. तेवढं ठेवलंय."

"आणि आत काय खुट्ट झाला तर?"

"तात्याकडे न्यायची."

"बंद पडली तर नेतलंस कशी?"

"ढकलत," लवू म्हणाला. काल अँटॉप हिलच्या चढावर इंजिन दोनदा आचके देऊन थांबलं होतं. आधी असं झालं की तो खाली उतरे, बॉनेट वर करी, काहीतरी पुशी, फुंकर मारी, आणि पॅसेंजरची विडी संपायच्या आत गाडी चालू करी. आता तो नुसता उतरून बॉनेटकडे बघत बसणार होता.

सुंदराबाई पुढच्या सीटवर जाऊन बसली. मागे बसायला ती काही पॅसेंजर नव्हती. "चल भोईवाड्यात," ती म्हणाली.

तात्याचं गॅरेज म्हणजे एका वखारीची पडवी. भिंतीच्या कडेने टॅक्सी उभ्या होत्या, सगळ्यांच्या बॉनेटवर शिशाचे टिकले, आणि त्यांच्या सावलीत ड्रायव्हर लोक विटांवर बसून पत्ते खेळत होते. तेवढ्यात एक सफेद टोपीवाला आपली मोटार घेऊन आला. तिच्याभोवती दोन मेकॅनिक धावले, एकाने फडकं घेतलं, एकाने पाना.

"तू कधीचा बसलायस रे?" तिने एका ड्रायव्हरला विचारलं. दौलत त्याचं नाव. तिच्याकडे कधीमधी जेवायला येई.

"सकाळचा, मावशी. आपली गॅरंटीतली आहे ना." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडतोय म्हणावं तसा तो म्हणाला.

सुंदराबाईला पुढचं कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. खानावळवालीला हे कळणार नाही तर कोणाला कळणार? महिन्याचे पैसे आगाऊ मोजून मोकळा झालेला माणूस आणि दारात रोकडा हातात घेऊन उभा राहिलेला माणूस, दोघे एकाच पंगतीला बसले की वाढणारीचा हात कुठे वळतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः तो हात मुद्दाम धरून ठेवी, म्हणून तिची खानावळ टिकली. शेजारच्या गंगुबाईने धरला नाही. तिचे महिनेवाले पातळ आमटी पिऊन पिऊन शेवटी सुंदराबाईकडे आले. आणि हा तात्या काही हात धरून ठेवणाऱ्यातला दिसत नव्हता.

तात्या धोतराचा सोगा सावरत आला. "या वहिनी. कोंडीराम आमचा मित्र. तुमच्यासाठी म्हणून ही गॅरंटी, सगळ्यांना देत नाही हो मी." भिंतीपर्यंत टिकलेच टिकले दिसत होते, तरी त्याने हे पापणी न लववता सांगितलं. "तीन वर्षं रात्री शांत झोपाल."

"मला झोप लागते," सुंदराबाई म्हणाली. "इंजिन कसं आहे?"

"इंजिन? घड्याळ आहे घड्याळ. माझ्या बहिणीला दिली असती अशी गाडी दिलीय तुम्हाला."

"मग ते मोडायची एवढी भीती तुम्हाला कशी काय?"

तात्याने मोठ्याने हसून सोडा मागवला. "वहिनी, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

सोडा तिने लवूला प्यायला लावला. नाही म्हणून मात्र ती तिथे बोलली नाही. का नाही बोलली, तर तिलाही भीती होती. गाडी खरंच मोडली, मोठं काही निघालं, तर लवूच्या हाताला पुन्हा गिरणीचं दार. पाटली गेली तर लग्न लांबेल, गाडी गेली तर पोट जाईल. तांदूळ निवडताना ती दोन दिवस हेच निवडत बसली होती.

तिसऱ्या दिवशी कांता आली. गिरगावातून लेक एकटी आली की काहीतरी पोटात घेऊन आलेली असते. तिने आईला खोबरं किसून दिलं, मग म्हणाली, "आये, तू ती गॅरंटी घेऊन टाक. माझ्यासाठी घे."

"तुझा त्यात काय गो?"

"त्यांना झोप नाही. रोज रात्री म्हणतात, गाडी बसली तर खानावळ किती दिवस पुरणार, आणि मग मामी नि लवू बोचकं घेऊन आपल्या दारात येणार. आमची एकच खोली. सासूबाई आहेत, दीर आहे." कांता किसणीकडेच बघत बोलत होती. "माणूस वाईट नाहीत ते, आये. घाबरट आहेत."

सुंदराबाईने हात धुतले. म्हणजे हा तीन वर्षांचा बंदोबस्त गाडीचा नव्हताच. जावयाच्या उंबरठ्याचा होता, आणि तोसुद्धा सासूच्या पाटलीवर. इतकी वर्षं मधला तुकडा कोणाला वाढला, याचा तिला पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

"चहा पी आणि जा," ती म्हणाली. "दसऱ्याला दोघं जेवायला या. तात्यालाही घेऊन या म्हणावं."

दसऱ्याच्या सकाळी चाळीच्या दारात गाडी धुऊन उभी केली. लवूने झेंडूची माळ लावली, चाकांखाली लिंबं ठेवली. खालच्या मजल्यावरची माणसं जमली होती. गिरणीत कालच साच्यांची पूजा झाली होती आणि कित्येकांच्या कपाळावर तिथलं कुंकू अजून होतं. रामदास कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आला, मागे कांता, आणि त्यांच्या मागे तात्या, आपट्याची पानं आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. पैसे मिळायचा मुहूर्त तात्या कशाला चुकवतोय.

सुंदराबाईने ताम्हन खाली ठेवलं. "लवू, झाकण उघड."

लवू रामदासकडे बघू लागला.

"मामी, सील आहे," रामदास हळूच म्हणाला, चारचौघांत शोभा नको म्हणून. "वरूनच लावा ना हळदकुंकू. पत्र्याला लावलं काय नि आत लावलं काय."

चाळीतले एकदोघे हसले. कोंडीरामने आयुष्यभर दसऱ्याच्या आदल्या दिवशी साचा पुसला, तेल दिलं, धोट्याला कुंकू लावलं. गिरणीच्या फाटकाला हळदकुंकू लावून घरी आलेला माणूस त्या चाळीत कोणी बघितला नव्हता. जे चालतं त्याची पूजा. पत्रा काय, कोनाड्यातल्या डब्यालाही असतो.

"तात्या, तुमचं सील आहे तर तुम्हीच उघडा," सुंदराबाई म्हणाली. "पूजा झाली की पुन्हा लावा."

तात्याचा चेहरा जरा उतरला. "वहिनी, सील मारायचा चिमटा गॅरेजात. गॅरेज आज बंद. माणसं गावाला. असं करा, पूजा परवा करू."

"दसरा परवा येईल?"

"तसं नव्हे..."

"आणि आज दुपारी पॅसेंजर घेऊन जाताना गाडी बंद पडली, तर तेही परवाच?"

तात्याने पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. रामदास मधे पडला. "मामी, तुम्ही उगाच शब्दाला शब्द लावता. माणसाने एवढी मोठी सोय करून दिली..."

सुंदराबाईने कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला. ज्याने ती रोज सुपारी कातरी, त्याच्या पात्यात तिने तार धरली आणि दाबली. तार मऊ होती. शिशाचा टिकला खाली पडून गटारापर्यंत गेला, आणि तिथे तो उचलायला कोणीही वाकलं नाही, तात्यासुद्धा नाही.

"गॅरंटी गेली," रामदास म्हणाला.

लवूने बॉनेट वर केलं. आत इंजिन होतं, जसं असतं तसं, काळं, तेलकट, थोडी धूळ बसलेलं. त्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि आधी फडक्याने ते पुसून काढलं. सुंदराबाईने वाकून हळदीकुंकवाची बोटं लावली, अक्षता टाकल्या, नारळ फोडून पाणी शिंपडलं. मग तात्याच्या हातातून आपट्याची पानं रीतसर घेतली, त्यालाही दिली. "सोनं घ्या," ती म्हणाली. "आमच्याकडून एवढंच. गाडी दुरुस्तीला आणू तेव्हा पैसे रोख देऊ, आणि सफेद टोपीवाल्याच्या आधी नंबर लावू. जेवून जा."

तात्याला गावाहून आलेल्या पाहुण्यांची आठवण झाली. तो पेढ्यांसकट गेला.

रामदास मात्र गेला नाही. त्याला जागचं हलता येईना. लोक पांगले तरी तो गाडीच्या उघड्या तोंडाकडे बघत उभा, आणि कांता त्याच्या शेजारी पदराचं टोक पिळत.

"मामी, मी तुमच्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला. "उद्या ही बंद पडली तर तुम्ही काय करणार?"

सुंदराबाईने अडकित्ता पुसून चंचीत ठेवला, पाटली मनगटावर सारखी केली आणि त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"ढकलू, जावईबापू," ती म्हणाली. "मी आणि माझा लवू ढकलू. दम लागला तर रस्त्यावर बसू, पण गिरगावाकडे तोंड करून बसणार नाही. मुंबई तुमची असेल, तुमची एक खोली तुम्हाला लखलाभ. गॅरंटी तुम्हाला हवी होती, ती माझ्या पाटलीतून मिळायची नाही. गाडी अडली तर तुम्हाला मी धक्का मारायलासुद्धा बोलावणार नाही. आता वर चला, पानं मांडलीत. आणि आज मधला तुकडा लवूच्या पानात पडणार आहे, तेव्हा डोळे ताटात ठेवून जेवा."