समोरची खुर्ची

बापाला आपल्या घरी आणायचं ठरलं तेव्हा मुलीने एकच गोष्ट बजावली होती, "ती खुर्ची आणायची नाही." पण टेम्पोतून सगळ्यात आधी खुर्चीच उतरली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, काचबिंदूने दृष्टी गेलेला बाप, म्हणजे सगळ्यांचे सर, मागोमाग उतरले.

सर म्हणजे दूरशिक्षणातलं बडं प्रस्थ. पोस्टाने शिकवणं म्हणजे नुसते कागद धाडणं नव्हे, हे त्यांनीच पहिल्यांदा ठासून मांडलं. विद्यार्थ्याचं अंतर मैलांत मोजू नका, न झालेल्या बोलण्यात मोजा, असं ते सांगत. त्यासाठी त्यांची एक रीत होती. धडा लिहिताना समोर रिकामी खुर्ची ठेवायची, कधी न पाहिलेला विद्यार्थी तिथे बसलाय असं धरायचं आणि त्याच्याशी मोठ्याने बोलत बोलत लिहायचं. देशोदेशीचे शिक्षक ही रीत पाळायला लागले. वा, छान! त्या खुर्चीवर घरातल्या कुणी बसायचं नाही, हे मात्र देशोदेशी कुणाला कळलं नाही. पोर सगळं बालपण दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. काही विचारायला गेली की सर वर न बघता म्हणत, "नंतर."

आई आतल्या खोलीत शेवटच्या दुखण्यात पडली होती, तेव्हा सर जहाजावरच्या कुणा स्वयंपाक्याला बीजगणित समजावत होते. स्वयंपाकी पास झाला. आई गेली. बाप मुलीच्या मनातून उतरला तो उतरलाच. तिला माफीबिफी नको होती. त्या खुर्चीशी बोलतो तसं त्याने एकदा आपल्याशी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. आणि अजूनही ते हवंसं वाटतं, याचाच तिला जास्त संताप यायचा.

त्या दिवशी ती शाळेत शिकवून घसा बसवून घरी आली. सरांना त्यांच्या दूरशिक्षण संस्थेसाठी शेवटचा धडा रेकॉर्ड करायचा होता. ते मशीन चाचपडत बसले होते.

"एवढं चालू करून दे आणि जा," सर म्हणाले.

कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. तिने बटण दाबलं. पायांचे तुकडे पडले होते. ती गेली नाही. समोरच्या खुर्चीवर बसली, आयुष्यात पहिल्यांदा.

"या, बसा," सर म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला. "दमला असाल. दिवसभर राबून पुन्हा अभ्यासाला बसायचं म्हणजे खायचं काम नाही. आधी सांगा, घरी सगळं ठीक ना? नसलं तरी सांगा. आज धडा राहिला तरी चालेल. मला घाई नाही."

इतकं चांगलं बोलता येतं या माणसाला! येत नाही म्हणून सोडून द्यावं, तर तीही सोय नाही.

"ठीक नाही, बाबा. कधीच नव्हतं."

सरांचा चेहरा आक्रसला. "तू? अजून इथेच? कुठे बसलीयस?"

"खुर्चीवर."

"ऊठ आधी! सगळ्या रेकॉर्डिंगचा सत्यानाश केलास. तिथे विद्यार्थी बसतो."

"मलाही विचारायचं होतं काहीतरी. लहानपणापासून."

"तुला काय विचारायचंय?" सर खरोखरच गोंधळले होते. "तू तर घरातलीच आहेस."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठली, खुर्ची उचलली, जिना उतरली आणि रस्त्यावरच्या कचरापेटीला टेकवून ठेवून आली. शेजारीण दारात उभी होती. "मोडली का हो?" तिने विचारलं.

"नाही. जागा अडवते," मुलगी म्हणाली.

ती वर आली तेव्हा सरांनी चाचपडत का होईना, मशीन स्वतःच पुन्हा चालू केलं होतं.

"या, बसा," ते मोकळ्या फरशीकडे तोंड करून म्हणत होते. "दमला असाल." तेच शब्द, तोच मऊ आवाज.

बोल म्हणावं फरशीशी! तिला पेपर तपासायचे होते, कुकर लावायचा होता. मनातल्या मनात तिने बापाला शिव्या घातल्या, मग स्वतःलाही घातल्या.

"मला घाई नाही," सर म्हणाले.

चौकटीला टेकून ती धडा संपेपर्यंत ऐकत उभी राहिली.