खोटं बोललेला मेणाचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे, मेणाचा. आगपेटीपेक्षाही लहान. पण मला मेणबत्तीचा नातेवाईक समजू नका. माझ्या पोटात माणूस आहे. एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या स्तनातल्या गाठीचा नखाएवढा तुकडा.

गाठ काढली तो शनिवार होता, पुढे दोन सुट्ट्या. गाठ लगेच कापून फॉर्मलिन नावाच्या भरपूर औषधात बुडवायची असते, म्हणजे ती नासत नाही. ऑपरेशनच्या खोलीतली नर्स घाईत होती. तिने अख्खी गाठ चिंचोळ्या बरणीत कोंबली आणि वर दोन बोटं औषध ओतलं. "मंगळवारी पाठवू. पळून थोडीच जातेय?" गाठ पळाली नाही, आतून नासत गेली. मंगळवारी तिचा तुकडा कापून मेणात बसवला, तो मी.

आता आमच्या पेशींचं एक गुपित सांगतो. त्यांना कान असतात. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात. रक्तातून एक हार्मोन हाक मारत फिरतो. कान असलेल्या पेशी ती ऐकतात आणि वाढतात. निरोगी पेशी वेळेवर थांबतात. आम्ही थांबत नव्हतो. बाईची पाळी गेली तेव्हा वाटलं, आता हाक बंद होईल. कसली बंद होतेय! शेजारची पिवळी चरबी गुपचूप तोच हार्मोन बनवत बसली होती. आम्ही अंधारात ऐकत होतो, एकाचे दोन, दोनाचे चार होत होतो. बाई आपली मशीन चालवत होती, तिला काही पत्ता नव्हता.

अशा गाठीवर गोळी असते, पेशींच्या कानात बोळे घालणारी. पण आधी कान आहेत का ते बघायचं. प्रयोगशाळेतल्या ताईने माझे केसाहून पातळ काप काढले आणि रंग लावला. कान असले की पेशी तपकिरी होतात. एकही झाली नाही. डॉक्टरांनी लिहून टाकलं, 'रिसेप्टर नाहीत'. बाईला गोळी मिळाली नाही. कान होते हो! नासून गेले होते. मी खोटं बोललो, आणि मला ओरडताही येईना.

मग मी कपाटात गेलो. खणात माझ्यासारखे हजारो. पुष्कळांची माणसं आता नाहीत, तुकडे तेवढे आहेत. तिथे फार शांत असतं. मला एकच घोर लागला होता. बाईच्या अंगात आमच्यातलं कुणी उरलं असेल, तर ते अजून ऐकतंय.

दोन वर्षांनी नव्या डॉक्टरीणबाई जुने काप पडताळायला बसल्या. "ताई, इकडे या. गाठीशेजारच्या निरोगी दुधाच्या नळ्याही कोऱ्याच! त्यांना तर कान असतातच ना?"

ताईचा चेहरा पडला. "अगं बाई! म्हणजे तपासणीच फसली?"

मग माझ्या थोरल्या भावाला शोधलं. त्याला त्याच गाठीतून ऑपरेशनआधी सुईने काढून लगेच औषधात टाकलं होतं. रंग लावला, तो सगळा तपकिरी झाला.

बाईला बोलावून गोळी सुरू केली. तिने हट्टच धरला, "मला तो तुकडा बघू द्या." ताईने मला तिच्या तळहातावर ठेवलं. मेण कोमट झालं. कातडीपलीकडे, तिच्या रक्तात, तीच हाक वाहत होती. मला ऐकू येणार नव्हती, तरी मी कान लावला. माझी मलाच लाज वाटली.

"मेलंय ना हे?" तिने विचारलं.

"केव्हाच," ताई म्हणाली.

बाई माझ्यावर वाकली. "तू एकटाच ना रे? आत कुणी राहिलं नाही ना?"

मित्रांनो, मला काय ठाऊक! मोठेपणी तुमच्या हाती कुणाचा असा तुकडा आला, तर त्याला त्याच घटकेला औषधात बुडवा. शेजारच्या निरोगी पेशींकडेही बघा. आमच्यासारख्यांचं म्हणणं एकदा ऐकून खरं मानू नका. त्या दिवशी बाई बराच वेळ मला हातात धरून उत्तराची वाट बघत उभी होती.