समाधीतले सात श्वास

“श्वास अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचे नाहीत. पुरं एक मिनिट, घड्याळ डोळ्यांसमोर धरून. झोपलेल्या माणसावर भरवसा ठेवायचा नसतो, पोरी.”

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांचा हा आवाज ताईंच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. ताई नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या, आवाज काही झाला नाही. आज तो भर दुपारी, लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये, पुडीवाल्या बाबांच्या सभेत जागा झाला.

हॉल खच्चून भरला होता. कपड्यांच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की माणसं थेट इथेच येत. मशीनवर वाकून कंबर गेलेल्या शिलाईवाल्या, खांदे गेलेले हमाल, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले कटिंगवाले. पुढे इस्त्रीवाला उभा होता. त्याने उजवा हात सरळ डोक्यावर नेला आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

“चार वर्षांत हा हात खांद्याच्या वर गेला नव्हता!” तो ओरडला. “आता बायको म्हणते, वरचे डबे तुम्हीच काढा!”

माणसं हसली. बाबाही हसले. गोरेगोमटे, गुळगुळीत, आवाज तुपात घोळवलेला.

“दुखणं कोणाचं? देहाचं. देह कोणाचा? त्याचा! मग औषध मेडिकलवाल्याकडे का मागता? या पुडीत सात मुळं आहेत आणि एक मंत्र आहे. मुळं बाजारात मिळतील, मंत्र कुठून आणाल? आणि हे निळे कण पाहा. साक्षात आकाशतत्त्व!”

“बाबा, आठवडा झाला, पोट साफ होत नाही,” एक म्हातारी म्हणाली.

“आतडी मौनात गेलीत, आई. भाग्यवान आहात.”

“अंगाला खाज सुटते.”

“जुनी पापं कातडीतून निघताहेत. खाजवा, खुशाल खाजवा.”

“सारखी गुंगी असते.”

“समाधीची पहिली पायरी!”

“परवा पुडी राहिली, तर अंग थरथरायला लागलं. नाकाडोळ्यांतून पाणी, वर जुलाब.”

“राहिली कशी?” बाबांनी बोट उगारलं. “श्रद्धा डळमळली की देह असाच थरथरतो.”

माणसं माना डोलवत होती. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही यादी त्यांना पाठ होती. कडक वेदनाशामकांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या कागदावर ती बारीक अक्षरात छापलेली असते. बाबांनी एकेका दुष्परिणामाला सोवळं नेसवून देवघरात बसवलं होतं.

त्यांनी शेजारी पाहिलं. धाकटी बहीण भिंतीला टेकून झोपली होती. तीच हट्टाने त्यांना इथे घेऊन आली होती. “ताई, तू एवढी देवाधर्माची, एकदा बघ तरी.” कंबरदुखीने वाकलेली धाकटी महिन्याभरात ताठ चालायला लागली होती, हे खरं होतं. पण आता तिची मान छातीवर लोंबली होती आणि घशातून खरखर येत होती.

ताईंच्या हातात जपाची माळ होती. रोज हजार नाम घेतल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत. त्यांनी नाम थांबवलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि धाकटीच्या प्रत्येक श्वासाला एकेक मणी ओढला.

मिनिट संपलं. मणी सातच झाले. निदान बारा तरी हवे होते.

त्यांनी धाकटीची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

“हिने किती पुड्या घेतल्या?” त्यांनी पलीकडच्या काजवालीला विचारलं. धाकटीच्या शेजारच्या मशीनवर ती शर्टांची काजं करायची.

“काल ओव्हरटाइममध्ये राहून गेल्या ना, म्हणून आज कालच्या आणि आजच्या एकदम घेतल्या,” काजवाली भाबडेपणाने म्हणाली. “तुम्हीच तर शिकवलंय म्हणाली. जप चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट.”

आई गेल्यावर धाकटीला त्यांनीच वाढवलं होतं, आणि हा नेम त्यांनीच लावला होता. नामाला चालतो तो. विषाला चालत नाही, हे वेगळं सांगायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

“अगं ए, उठ! डोळे उघड! श्वास घे!”

“ताईसाहेब, हात लावू नका!” बाबा पुढून गरजले. “त्यांची समाधी लागली आहे. समाधी मोडल्याचं पाप लागेल!”

जन्मात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेल्या ताई उभ्या राहिल्या.

“लागू दे मला! समाधीत ओठ काळेनिळे पडत नाहीत! ही मरायला लागलीय. इस्त्रीवाले, अँब्युलन्सला फोन करा. आत्ता!”

इस्त्रीवाल्याचा वर गेलेला हात खाली आला आणि खिशातल्या फोनकडे गेला.

ताईंनी धाकटीला कुशीवर वळवलं, हनुवटी वर केली. “घे श्वास. अजून एक. घे म्हणते ना!” सांगितला की ती घेत होती, विसरली की थांबत होती.

अँब्युलन्समधून एक तरुण डॉक्टरीण आली. तिने डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि काही न विचारता दंडात इंजेक्शन टोचलं. दोनेक मिनिटांत धाकटीने खोल श्वास ओढला, डोळे उघडले आणि “आई गं, माझी कंबर!” म्हणून किंचाळली.

“चमत्कार!” मागून कुणीतरी म्हणालं.

“उतारा आहे हा,” डॉक्टरीण म्हणाली. “अफूच्या जातीच्या औषधांवरच चालतो. मुळांवर नाही चालत. काय घेतलं होतं यांनी?”

ताईंनी काजवालीकडून एक पुडी घेतली, पाण्याच्या ग्लासात सोडली आणि ग्लास उजेडात धरला. पांढरी पूड खाली बसली. आकाशतत्त्व वर तरंगत राहिलं. टरफलासारखे निळे पापुद्रे.

“गोळीचं आवरण आहे हे,” डॉक्टरीण दात-ओठ खात म्हणाली. “ही गोळी अख्खीच गिळायची असते. बारा तासांत हळूहळू उतरते. कुटली की सगळी एकदम रक्तात जाते. आणि ह्यांनी दोन दिवसांच्या एकदम घेतल्या.”

इस्त्रीवाला बाबांच्या पाठीमागच्या पडद्याआड घुसला. बाहेर आला तो एका हातात मिक्सरचं भांडं आणि दुसऱ्यात गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी घेऊन. भांड्याच्या पात्याला निळं चिकटलेलं होतं.

“हाच का तुझा मंत्र? घुर्रर्र?”

“श्रद्धा कमी पडली...” बाबा पुटपुटले. नजर जिन्याकडे होती, पण जिन्यात हमाल उभे होते.

“मला श्रद्धा शिकवू नका!” ताई म्हणाल्या. “चाळीस वर्षं व्रतं करतेय मी. माझा देव माझ्यापासून औषधाचं नाव लपवत नाही. हीच गोळी मी वॉर्डात दिलीय. कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाला, रजिस्टरात दोघींच्या सह्या करून, श्वास मोजून. गोळी पापी नाही. तुम्ही तिचं नाव चोरलंत. गुंगीला समाधी म्हणालात, आणि सवय लागलेल्या शरीराच्या थरथरीला अश्रद्धा म्हणालात, म्हणजे कुणी सोडूच नये!”

मग त्या माणसांकडे वळल्या. “आणि आपण? भाजी घेताना देठ मोडून बघतो. पोटात काय जातंय, ते एकदाही विचारलं नाही. यापुढे विचारा. काय आहे, किती घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं नाही. जो सांगत नाही, त्याच्या हातचं घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. आणि आज घाबरून पुड्या एकदम फेकूनही देऊ नका, अंग सोसणार नाही. पुडीसकट दवाखान्यात चला. डॉक्टर हळूहळू उतरवतील.”

बाबांना पोलिसांनी नेलं. तेव्हाही एक बाई त्यांच्या पाया पडली.

धाकटीला दवाखान्यात ठेवून घेतलं. उताऱ्याचं औषध लवकर ओसरतं, पुडी मात्र अंगात टिकते, म्हणून नर्स पाळीपाळीने तिचे श्वास मोजत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पोचल्या तेव्हा ती घामाने निथळत होती.

“ताई, काजवालीची सासू हॉलला येत नाही, घरीच पुड्या घेते. सून पाळीला गेली की दुपारभर एकटी झोपलेली असते. तू जाशील?”

“दुपारच्या आत जाते. शब्द दिला.”

घरी येऊन त्या देवापुढे बसल्या. तीनशे नाम झालं आणि घड्याळात बारा वाजत आले. ताईंनी माळ तिथेच, अर्ध्यावर ठेवली. राहिलेलं उद्या दुप्पट करायचं नाही, हे त्यांनी देवाला सांगून टाकलं.

मनगटावर घड्याळ बांधलं, चपला घातल्या आणि दार हलकेच ओढून घेतलं.